एकही घर न गाळता: हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टसाठी गावातल्या जुन्या इमारतींचा सर्व्हे

हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट म्हणजे इतिहासासाठी जपण्याजोगा गावातला इमारतींचा सलग भाग. तो ठरवायला पहिल्या सर्व्हेला निघालो तेव्हा माझ्या खिशात चाळीस घरांची यादी होती. कोपऱ्यावर मनोरा असलेली, पोर्चला लाकडी नक्षी असलेली, दारावर रंगीत काच असलेली घरं. अमेरिकेतल्या कुठल्याही छोट्या गावात जुनी घरं दाखवा म्हटलं की लोक हीच दाखवतात. आमच्याबरोबर एक निवृत्त वास्तु-इतिहासकार बाई होत्या. त्यांनी यादी वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाल्या, सर्व्हे संपला की काढा, मग बघू. सहा महिन्यांनी काढली. चाळीसपैकी तेरा घरं एका सावकाराच्या आणि त्याच्या सोयऱ्यांची निघाली. गाव ज्या गिरणीवर उभं राहिलं, तिच्या कामगारांची एकही गल्ली यादीत नव्हती.

म्हणून या लेखातला मुख्य नियम आधीच सांगतो. सर्व्हेत निवड करायची नाही. ठरवलेल्या भागातलं प्रत्येक घर, प्रत्येक दुकान, मागचं गॅरेज आणि मोकळा प्लॉटसुद्धा नोंदवायचा. नॅशनल रजिस्टरच्या, म्हणजे ऐतिहासिक स्थळांच्या केंद्रीय यादीच्या, निकषांतही हेच गृहीत आहे: डिस्ट्रिक्टमधल्या एकेका इमारतीत काही खास नसलं तरी चालतं, सगळ्या मिळून ओळखू येईल असं महत्त्वाचं काही उभं राहिलं पाहिजे. ते राहतं की नाही, हे सगळं मोजल्याशिवाय कळत नाही.

आधी ठरवा: कुठला डिस्ट्रिक्ट?

एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात आणि गावसभेतली निम्मी भांडणं त्यांच्या सरमिसळीतून होतात.

एक म्हणजे नॅशनल रजिस्टरवरचा डिस्ट्रिक्ट. न्यूयॉर्कचं पेनसिल्व्हेनिया स्टेशन १९६३ पासून पाडायला घेतलं, त्यावर देशभर हळहळ झाली, आणि १९६६ साली नॅशनल हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ॲक्ट आला. रजिस्टर त्या कायद्याचं. यात नोंद होणं हा मान आहे. मालक स्वतःच्या पैशाने घर रंगवू शकतो, खिडक्या बदलू शकतो, पाडूही शकतो. रजिस्टर त्याला अडवत नाही. केंद्र सरकारचा पैसा, परवाना किंवा मंजुरी आली तर मात्र त्या कामाचा जुन्या इमारतींवर काय परिणाम होईल हे आधी तपासावं लागतं. भाड्याने दिलेल्या किंवा धंद्याच्या इमारतीची मान्य पद्धतीने डागडुजी केली तर पात्र खर्चाच्या २० टक्के केंद्रीय कर-सवलत मिळते. स्वतः राहता त्या घराला ती नाही. हे वाक्य पत्रकात ठळक छापा, नाहीतर पुढे शिव्या तुम्हीच खाल.

दुसरा स्थानिक डिस्ट्रिक्ट. हा गावाने केलेल्या स्थानिक कायद्याने होतो. पहिला १९३१ साली चार्ल्सटनने केला. इथे गावाने नेमलेलं मंडळ (कमिशन) असतं आणि रस्त्यावरून दिसणारा बदल करण्याआधी, पाडण्याआधी तर नक्कीच, त्याची परवानगी लागते. दात आहेत ते याला.

रस्त्यावरचं काम दोन्हींसाठी जवळपास सारखंच असतं. पण दार उघडून माणूस "माझ्या घराचं काय होणार?" असं विचारतो तेव्हा एकच उत्तर हवं, आणि गटातल्या प्रत्येकाचं तेच हवं.

टेबलावरचं काम

पहिला फोन राज्याच्या हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ऑफिसला करा. प्रत्येक राज्याचा फॉर्म वेगळा, डेटाबेस वेगळा. स्वतःचा सुंदर फॉर्म बनवून तीनशे घरं भरायची आणि मग तो चालत नाही असं कळायचं, हे होताना पाहिलंय. तीन गोष्टी विचारा: फॉर्म कुठला, या भागात आधी काय नोंदलं गेलंय, आणि शेवटच्या मूल्यमापनावर कुठल्या पात्रतेच्या माणसाची सही लागेल. स्वयंसेवक फोटो काढू शकतात, नोंदी करू शकतात. महत्त्व ठरवणाऱ्या भागाला सहसा प्रशिक्षित वास्तु-इतिहासकार लागतो. गाव 'सर्टिफाइड लोकल गव्हर्नमेंट', म्हणजे जतनाच्या कामासाठी रीतसर मान्यता मिळालेलं, असेल तर पैशाचंही विचारा. राज्याला मिळणाऱ्या केंद्रीय जतन निधीतला किमान १० टक्के वाटा अशा गावांसाठी राखीव असतो आणि सर्व्हेला त्यातून अनुदान मिळू शकतं.

मग असेसरच्या (मालमत्ता-करासाठी किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ऑफिसातून प्लॉटचा नकाशा घ्या आणि पाहणीची हद्द आखा. मनात असलेल्या डिस्ट्रिक्टपेक्षा ती एक-दोन रस्ते मोठीच ठेवा. सीमा कुठे संपते हे कळायला तिच्या पलीकडे काय आहे ते माहीत असावं लागतं. नकाशावरच्या प्रत्येक प्लॉटला तक्त्यात एक ओळ द्या, मोकळ्या प्लॉटलाही. ओळ रिकामी दिसली की घर राहिलंय हे लगेच कळतं.

आता सॅनबॉर्न नकाशे. हे काम करणाऱ्याला सॅनबॉर्न भेटले की त्याच्या संध्याकाळी गेल्या म्हणून समजा. आगीच्या विम्याचा हप्ता ठरवण्यासाठी सॅनबॉर्न कंपनीने १८६७ पासून सुमारे १२,००० गावांचे नकाशे काढले, बहुतेक एका इंचाला पन्नास फूट या प्रमाणात. त्यात प्रत्येक इमारतीचा आकार, मजले आणि कशाची बांधलीय ते दिसतं: गुलाबी म्हणजे वीट, पिवळी म्हणजे लाकडी सांगाडा, निळी म्हणजे दगड. मागची कोठारं आणि तबेलेसुद्धा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोठा साठा फुकट पाहता येतो. एकाच चौकाची वेगवेगळ्या सालांची पानं शेजारी ठेवा. १८९२ च्या पानावर नाही आणि १८९८ च्या पानावर आहे, म्हणजे घर त्या सहा वर्षांतलं. एक सावधगिरी: कंपनी नवा नकाशा छापण्याऐवजी पुष्कळदा जुन्यावरच दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवायची. म्हणून पानावर छापलेलं साल आणि चिठ्ठीवरच्या घराचं साल वेगळं असू शकतं. शीर्षकाच्या पानावर दुरुस्त्यांची नोंद आहे का ते बघून घ्या.

रस्त्यावर

पानगळीनंतर निघा. मे महिन्यात मेपलच्या झाडामागे अख्खं घर लपतं आणि फोटोत फक्त झाड येतं. ढगाळ दिवस सर्वांत चांगला. उत्तरेकडे तोंड असलेल्या घरांचे फोटो उन्हात काळे पडतात.

दोन आठवडे आधी प्रत्येक घरी पत्र जाऊ द्या: कोण येणार, केव्हा, काय करणार. स्थानिक पोलिसांना कळवून ठेवा. गळ्यात ओळखपत्र, अंगात चमकदार जाकीट आणि खिशात गावाच्या शिक्क्याचं पत्र. घरांचे फोटो काढत फिरणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल फोन जातो, आणि आपल्यासारख्या चेहऱ्याच्या माणसाबद्दल जरा लवकर जातो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण पत्र जवळ ठेवा. फुटपाथ सोडून आवारात पाऊल टाकायचं नाही. कुणी कौतुकाने आत बोलावलंच तर जा, मात्र फोटो विचारूनच.

जोडीने फिरा. एकाने पाहायचं आणि बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि दर तासाला अदलाबदल करायची. एकटा माणूस विसाव्या घरापासून घराकडे न बघता फॉर्मकडे बघू लागतो. आमची जोडी दिवसाला तीसेक घरं करायची. त्याहून जास्त झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावी लागायची.

प्रत्येक इमारतीचे निदान दोन फोटो: एक समोरून, एक कोपऱ्यातून, म्हणजे बाजूची भिंत आणि मागची वाढवलेली खोली दिसते. रस्त्याचे वेगळे फोटो घ्या, कारण डिस्ट्रिक्ट रांगेतून दिसतो. फाइलला नाव त्याच संध्याकाळी द्या: रस्ता, क्रमांक, तारीख. 'नंतर देऊ' म्हटलं की तीनशे फोटोंत पांढऱ्या रंगाची एकशेवीस घरं उरतात.

बघायचा क्रम खालून वर ठेवा: जोतं, भिंत, खिडक्या, पोर्च, छप्पर, धुराडं, मग मागची गॅरेजं आणि कोठारं. शैलीचं नाव सगळ्यात शेवटी. नवखा माणूस लांबूनच 'क्वीन ॲन' म्हणून मोकळा होतो आणि मग त्या नावाला साजेसंच त्याला दिसायला लागतं. शिवाय छोट्या गावातल्या निम्म्या घरांना शैली अशी नसतेच. गावच्या सुताराने हात बसला होता तसं बांधलेलं असतं. अशा घरांचा आकार लिहा: रस्त्याकडे तिकोनी भिंत केलेलं, एक खोली खोल आणि दोन मजली, चौकोनी ठोकळ्यासारखं. या साध्या आकारांनाही नावं आहेत. फ्रेड निफेन या भूगोलतज्ज्ञाने १९३६ साली एक खोली खोल, दोन मजली घराला 'आय-हाउस' म्हटलं, कारण इंडियाना, इलिनॉय आणि आयोवात, म्हणजे 'आय' अक्षराच्या राज्यांत, ते त्याला फार दिसलं. नाव आलं तर लिहा, नाही आलं तर वर्णन पुरे.

आणि फॉर्मवर तीन रकाने वेगळे ठेवा: डोळ्यांनी पाहिलं, कागदावर मिळालं, ऐकलं. आमचा सर्व्हे वाचला तो या तीन रकान्यांमुळे. एका आजोबांनी त्यांचं घर १८४० चं असल्याचं सांगितलं आणि आमच्या एका मित्राने ते सालाच्या चौकटीत लिहून टाकलं. पुढच्या माणसाने तो फॉर्म बघून शेजारच्या तशाच घरालाही १८४० दिलं. करवहीत पहिलं घर १८७१ साली प्रथम दिसतं. एका ऐकीव सालाने दोन घरं तीस वर्षांनी म्हातारी केली होती.

घराचं वय काढताना

असेसरच्या नोंदीतल्या सालावर विसंबू नका. माहिती नसली की तिथे '१९००' लिहायची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती. एका रस्त्यावर ओळीने अकरा घरं १९०० ची दिसली तर ते साल कुणालाच माहीत नव्हतं एवढंच त्यातून कळतं.

खरं वय दोन-तीन पुरावे एकमेकांवर ठेवून काढायचं. सॅनबॉर्न सांगतो कुठल्या दोन सालांच्या मध्ये. करवहीत प्लॉटची किंमत एका वर्षात अचानक उडी मारते, ते बहुधा घर उभं राहिल्याचं वर्ष. खरेदीखतांतही तशीच उडी दिसते, पण खत जमिनीचं असतं, घराचं नव्हे, हे डोक्यात ठेवा. सिटी डिरेक्टरीत (गावातल्या रहिवाशांच्या छापील यादीत) कोण राहत होतं आणि काय काम करत होतं ते मिळतं. नंतरच्या डिरेक्टऱ्यांत रस्त्यांप्रमाणे लावलेला वेगळा भागही असतो. १८८० पासून जनगणनेच्या कागदांच्या कडेला रस्त्याचं नाव आणि घरक्रमांक लिहायची पद्धत आली. हे कागद ७२ वर्षांनी खुले होतात. १९५० चे २०२२ मध्ये झाले. १८९० चे मात्र १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ उरलेच नाहीत, त्यामुळे ती वीस वर्षांची पोकळी डिरेक्टऱ्यांनी भरावी लागते.

सगळ्यात मोठा खड्डा घरक्रमांकांचा. बहुतेक गावांनी कधी ना कधी क्रमांक नव्याने दिले. १९०५ मधलं '१४' आज '३१२' असू शकतं. बदल कधी झाला ते शोधा आणि जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता सगळ्यात आधी करा. आम्ही तो सगळ्यात शेवटी केला आणि दोन महिन्यांचं काम उलटं फिरवलं.

घर स्वतःही बोलतं. खडबडीत दगडासारखा चेहरा केलेले काँक्रीटचे ठोकळे जोत्यात दिसले की सावध व्हा. असे ठोकळे पाडणाऱ्या यंत्राचं पेटंट हार्मन पामर यांनी १९०० साली घेतलं आणि मग ते देशभर पसरले. म्हणजे '१८८५ च्या' घराखाली ते दिसले, तर जोतं बदललंय, घर उचललंय, दुसरीकडून हलवून आणलंय, नाहीतर साल चुकलंय. घरं हलवायची तेव्हा सर्रास रीत होती. सॅनबॉर्नच्या एका पानावरून एक आकार नाहीसा होतो आणि पुढच्या पानावर तसाच आकार दुसऱ्या रस्त्यावर उगवतो. मुख्य बाजारात दुकानांच्या लोखंडी खांबांच्या पायथ्याशी वाकून बघा. तिथे ओतशाळेचं नाव ओतलेलं असतं. सेंट लुईसच्या मेस्कर ब्रदर्सनी तर पत्र्याचे अख्खे दर्शनी भाग कॅटलॉगमधून विकले.

कॅटलॉगवरून आठवलं: प्रत्येक गावात किमान दहा जण सांगतात की त्यांचं घर सीअर्स या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधून आलं. सीअर्सने १९०८ ते १९४० अशी घरं विकली हे खरं. पण कागद, तळघरातल्या तुळयांवर ठोकलेले आकडे किंवा मालाच्या पावत्या नसतील, तर ते 'ऐकलं' याच रकान्यात जातं.

बदल झालेली घरं

खरी परीक्षा इथे आहे. नॅशनल रजिस्टर घराचं मूळपण सात बाबींवरून बघतं: जागा, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, जाणवणारा काळ आणि इतिहासाशी असलेला धागा. सातही शाबूत असलेलं घर क्वचितच सापडतं. डिस्ट्रिक्टमध्ये प्रश्न साधा असतो. महत्त्वाच्या काळातला, म्हणजे ज्या वर्षांसाठी डिस्ट्रिक्ट महत्त्वाचा ठरतो त्या काळातला, माणूस आज या रस्त्यावर आला तर हे घर त्याला ओळखू येईल का?

ॲल्युमिनियमचं किंवा व्हिनाइलचं साइडिंग (बाहेरच्या भिंतीवरचं आवरण) लागलं म्हणून घर आपोआप बाद होत नाही. मूळ आकार, खिडक्यांच्या जागा, पोर्च, छपराची कड हे दिसत असेल तर ते डिस्ट्रिक्टमध्ये मोजता येतं. पोर्च काढून टाकला, खिडक्या लहान करून भिंत भरली आणि वर साइडिंग लावलं, तर आतलं घर ओळखू येणार नाही. काही बदल स्वतःच जुने होतात. १९३०-४० च्या सुमारास ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे शिंगल लावले आणि तुमचा महत्त्वाचा काळ १९५० पर्यंत जात असेल, तर तेही इतिहासातच आले.

मुख्य बाजारातल्या पत्र्याच्या पडद्यांबाबत मात्र नियम कडक आहे. १९५०-६० च्या दशकांत कित्येक दुकानांनी आधुनिक दिसावं म्हणून जुन्या विटांच्या दर्शनी भागावर धातूची चौकट ठोकली. मागे सगळं शाबूत असेलही, पण महत्त्वाच्या काळानंतरच्या पडद्याने दर्शनी भाग झाकला असेल तर ती इमारत डिस्ट्रिक्टला भर घालणारी धरली जात नाही. पडदा उतरवल्यावर फेरविचार होतो. म्हणून फॉर्मवर नुसतं 'बाद' लिहू नका. 'पत्रा आहे, बाजूने वीट आणि कमानी दिसतात' असं लिहा. कर-सवलत हवी असलेला पुढचा मालक तेच शोधत येईल.

पन्नास वर्षांची अटही लोक चुकीची समजतात. पन्नास वर्षं झाली म्हणून घर ऐतिहासिक होत नाही. त्याआधी मात्र अपवादात्मक महत्त्व सिद्ध करावं लागतं. १९७० च्या सुरुवातीची रँच घरंही (लांबट, एकमजली) आता ही पन्नास वर्षांची रेषा ओलांडून आली आहेत. ती आवडत नाहीत, तरी मोजा.

सीमा

सगळं नोंदून झालं की भिंतीवर मोठा नकाशा लावा आणि प्रत्येक प्लॉट रंगवा: भर घालणारी इमारत, भर न घालणारी, मोकळा. पहिल्यांदाच त्या वेळी डिस्ट्रिक्ट डोळ्यांना दिसतो. आमच्या नकाशावर बाजारपेठेपासून गिरणीच्या चाळीवजा घरांपर्यंत एक सलग पट्टा उमटला. श्रीमंतांची टेकडी त्याच्या एका टोकाला होती, मध्यभागी नव्हती.

आता 'महत्त्वाचा काळ' ठरतो आणि तो पुराव्याने ठरतो: गिरणी केव्हा सुरू झाली, रेल्वे केव्हा आली, बांधकाम केव्हा थंडावलं. भर घालणाऱ्या आणि न घालणाऱ्या इमारतींचा हिशोब या काळावर अवलंबून असतो. काळ दहा वर्षांनी हलवला की आकडे हलतात. उलट्या दिशेने, हवे ते आकडे यावेत म्हणून काळ वाकवू नका. तपासणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं.

मधलं कुरूप पेट्रोलपंपवजा बांधकाम वगळायला सीमेत भोक पाडता येत नाही. ते आत घ्यायचं आणि 'भर न घालणारं' म्हणून मोजायचं. असे प्लॉट कडेला साठले असतील तर सीमा आत ओढा. रेषा प्लॉटच्या हद्दीने, रस्त्याने, नदीने जावी आणि तिथेच का, हे दोन वाक्यांत सांगता यावं. एक गल्ली 'जरा पडकी दिसते' म्हणून बाहेर काढायचा मोह होतो. १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी काढलेल्या सरकारी नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या, कर्ज आटलं, डागडुजी थांबली, आणि त्याच वस्त्या नंतरच्या सर्व्हेंत 'मूळपण उरलं नाही' म्हणून गळाल्या. अशी गल्ली बाहेर ठेवत असाल तर कारण फॉर्मवरच्या नोंदींतून निघालं पाहिजे.

पुढे कुणाकडे

अहवालात लागतं ते असं: पाहणी कशी केली, गावाचा इतिहास थोडक्यात, इमारतींची पूर्ण यादी, रंगवलेला नकाशा, फोटो, सीमा आणि तिचं कारण. नॅशनल रजिस्टरसाठी हा माल नामांकनाच्या फॉर्मात बसतो, राज्याच्या ऑफिसातून आणि राज्याच्या परीक्षण मंडळापुढून जातो आणि मग रजिस्टर सांभाळणाऱ्या केंद्राच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे. तिथे पोचल्यावर साधारण ४५ दिवसांत निर्णय होतो. त्याआधीचा वेळ मोजू नका, निराश व्हाल.

मालकांना कळवणं सक्तीचं आहे, आणि निम्म्याहून जास्त खासगी मालकांनी रीतसर लेखी हरकत घेतली तर डिस्ट्रिक्टची नोंद होत नाही. एका मालकाचं एक मत, त्याची दहा घरं असली तरी. म्हणून सभा नामांकनाआधी घ्या आणि रंगवलेला नकाशा भिंतीवर लावून ठेवा. लोक भाषण ऐकत नाहीत, ते आपलं घर शोधतात. आमच्या सभेत गिरणीच्या गल्लीतल्या एक आजी नकाशापाशी बराच वेळ उभ्या होत्या. त्यांच्या घराला भर घालणारा रंग होता. शेवटी त्यांनी विचारलं, फोटो कधी काढलात, कुंड्या आत घेतलेल्या दिसतायत. नंतर त्यांनी १९४६ चा एक फोटो आणून दिला, पोर्चसकट. तो आम्ही 'कागदावर मिळालं' या रकान्यात लावला.

फॉर्म आणि फोटोंची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा आणि तक्त्यावर शेवटच्या पाहणीची तारीख लिहा.